कंबर धरल्यावर पुन्हा चालतं-फिरतं होताना: हालचालीची मात्रा कशी ठरवावी

कंबर धरते तो प्रसंग बहुतेक वेळा अगदी साधा असतो. बुटाची नाडी बांधायला वाकलं, भरलेली बादली उचलली, जोरात शिंक आली आणि कमरेत अशी चमक निघाली की सरळ उभं राहता येईना. चाळिशी-पन्नाशीत हे झालं की मनात पहिली भीती येते ती वयाची. मला ४६व्या वर्षी हा त्रास सुरू झाला. तेव्हा दहा दिवस मी जवळजवळ पडून काढले. पुढची दोन वर्षं जपून वागले आणि त्या दोन वर्षांत कंबर आणखी चार वेळा धरली. चौथ्या खेपेनंतर रोज वहीत लिहायला लागले: किती चालले, किती बसले, काय उचललं, दुखणं किती होतं. दोन महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. माझं दुखणं वाईट दिवसांनंतर वाढत नव्हतं, चांगल्या दिवसांनंतर वाढत होतं. आज बरं वाटतंय म्हणून तुंबलेली सगळी कामं एका दिवसात उरकायची, मग तीन दिवस पडून राहायचं, पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. या हेलकाव्यांत कंबर कधी बळकट होतच नव्हती.

औषधाची मात्रा ठरवतात तशी हालचालीचीही मात्रा ठरवायची आणि चांगल्या दिवशी ती ओलांडायची नाही, एवढं एक सूत्र धरून हा लेख लिहिला आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पहिला भाग गाळून पुढे जाऊ नका.

सगळ्यात आधी: धोक्याची लक्षणं नाहीत ना?

पुढीलपैकी काही असेल तर व्यायाम, शेक, मालिश सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा.

- लघवी तुंबणे, लघवी आल्याचं न कळणे, शौचावरचा ताबा जाणे
- दोन्ही मांड्यांची आतली बाजू, जननेंद्रिय किंवा गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे
- दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणे

पाठीच्या कण्यात खालच्या टोकाला नसांचा एक झुपका असतो. त्यावर मोठा दाब आला की ही लक्षणं दिसतात. इथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही.

एका पायाचं पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना ते जमिनीवर आपटत असेल किंवा टाचेवर चार पावलं टाकता येत नसतील, तरीही एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. कमरेबरोबर ताप, प्रयत्न न करता घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, नुकतीच झालेली पडझड, दीर्घकाळ चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा कूस बदलली तरी रात्रभर तसाच राहणारा ठणका, यांपैकी काही असेल तरीही तपासणी हवीच. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेली असतील तर किरकोळ धक्क्यानेही मणका दबू शकतो. म्हणून या वयातल्या बायकांनी अचानक आलेली तीव्र कळ ‘उसण भरली असेल’ म्हणून अंगावर काढू नये.

एक प्रकार नेहमी नजरेतून सुटतो. दुखणं पंचेचाळिशीच्या आधी हळूहळू सुरू झालेलं आहे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली असते, हालचालीने मोकळं वाटतं आणि विश्रांतीने उलट वाढतं, असं असेल तर तो मणक्यांचा दाह असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा लागतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

एमआरआयचा अहवाल कसा वाचावा

कंबरदुखीच्या दर दहांपैकी सुमारे नऊ जणांमध्ये ‘हेच कारण’ असं बोट ठेवता येत नाही. स्नायू, सांधे, मणक्यांमधल्या गाद्या (डिस्क), नसा आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणा या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. तरीही अहवालात ‘डिस्क बल्ज’ (गादीचा फुगवटा), ‘डीजनरेशन’ (झीज) असे शब्द दिसले की माणूस हबकतो आणि हालचाल बंद करतो. हे घाबरणं कमरेला गादीच्या फुगवट्याइतकंच, कदाचित जास्तच महागात पडतं.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या होत्या. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांमध्ये गादीची झीज आणि ६० टक्के लोकांमध्ये गादीचा फुगवटा दिसला. कसलाही त्रास नसताना! म्हणजे केस पिकावेत तशी ही वयाची खूण बहुतेकांच्या कण्यात असतेच. ती आणि आजचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही. खरोखर सरकलेली गादीसुद्धा अनेकदा काही महिन्यांत शरीर आपणहून शोषून आक्रसवतं.

मग एमआरआय कधी करावा? वरची धोक्याची लक्षणं असतील तेव्हा, पायातली कळ सहा आठवड्यांनंतरही कमी होत नसेल तेव्हा, किंवा इंजेक्शन वा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तेव्हा. एरवी फक्त मनाच्या समाधानासाठी करू नये, कारण समाधान क्वचितच मिळतं.

पहिले तीन दिवस

या दिवसांत दुखणं कमी करणं आणि अंथरुणाला न खिळणं, दोन्ही साधायचं असतं. १९८६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे ४५ टक्के कमी दिवस बुडाले, आणि बाकी बाबतीत सात दिवसवाल्यांना काही जास्त फायदा झाला नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीत झालेल्या अभ्यासात तर अंथरुणात राहिलेले आणि सुरुवातीलाच खास व्यायाम केलेले अशा दोन्ही गटांपेक्षा, झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. म्हणून पहिल्या तीन दिवसांत व्यायामाच्या मागे लागू नका. दात घासणं, घरात फिरणं, उभं राहून हलकी कामं करणं, एवढं पुरे.

कळ फारच असेल तेव्हा जमिनीवर उताणं झोपून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, गुडघे आणि खुबे काटकोनात. दहा-पंधरा मिनिटांत बऱ्याच जणांना उतार पडतो. कुशीवर झोपायचं असेल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. शेक घ्यायला हरकत नाही. शेकून मोकळं वाटलं की त्या अर्ध्या तासात चार फेऱ्या मारून घ्या, शेकाचा खरा उपयोग तोच आहे.

पलंगावरून उठताना थेट पोटावर जोर देऊन बसू नका. आधी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकत्र फिरवत कुशीवर वळा, पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी हाताने गादीवर रेटा देत बसते व्हा. शिंक येतेय असं वाटलं की जवळच्या टेबलावर किंवा भिंतीवर हात टेकवा, गुडघे किंचित सैल सोडा आणि छाती वर ठेवा. पुढे झुकून दिलेली शिंक या दिवसांत जीव काढते.

गोळ्यांबद्दल थोडं. पॅरासिटामॉल सुरक्षित म्हणून सगळेच घेतात, पण ऑस्ट्रेलियातल्या १,६५२ रुग्णांच्या २०१४ सालच्या चाचणीत ती घेणारे साधारण १७ दिवसांत आणि औषध नसलेली गोळी घेणारे १६ दिवसांत बरे झाले. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींना आराम मिळतो. मात्र या वयात रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, पोटातले व्रण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही ना काही मागे लागलेलं असतं. तेव्हा त्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच आणि मोजक्या दिवसांसाठी घ्या.

मात्रा कशी काढायची

तीव्र कळ ओसरली की साधारण चौथ्या दिवसापासून हे सुरू करा. सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने चालायला लागा आणि दुखणं वाढायला लागेल त्या क्षणी किती मिनिटं झाली ते पाहा. असं सलग तीन दिवस करा. समजा १२, ८ आणि १० मिनिटं आली. सरासरी १०. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. उरली ८ मिनिटं, ही तुमची मात्रा. सकाळी ८, दुपारी ८, संध्याकाळी ८. दुखणं वाढण्याआधीच थांबायचं, कारण या टप्प्यावर चालणं सुरक्षित आहे हे मेंदूला आणि स्नायूंना पुन्हा पटवायचं असतं. दर फेरीचा शेवट कळ येऊन झाला तर ते पटत नाही.

आता चांगल्या दिवसाची गोष्ट. मात्रा ठरल्यावर एखाद्या दिवशी सकाळी कंबर एकदम हलकी वाटेल आणि पंचवीस मिनिटं सहज चालता येईल असं वाटेल. त्या दिवशीही ८ मिनिटंच. सगळ्यात अवघड जातं ते हे, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. उलट एखादा दिवस वाईट निघाला तर ८ची ४ करा, पण शून्य करू नका. चांगल्या आणि वाईट दिवसांतलं अंतर असं कमी होत गेलं की पाया तयार झाला म्हणायचा.

वाढवायचं कधी? दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. चालताना नेहमीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढलं, पाचाच्या वर गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर मात्रा बरोबर आहे. असे सलग तीन-चार दिवस गेले की दर फेरीला एक-दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं जास्तच असेल तर मागच्या मात्रेवर या. थोडंसं दुखणं म्हणजे इजा नाही, हे या काळात स्वतःला वारंवार सांगावं लागतं. दिवसभर सांगूनही मन ऐकत नाही, तेव्हा वहीतले आकडे कामी येतात.

कळ पायात उतरत असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात आणि तिथून कमरेत अशी वर सरकत असेल, तर कमरेत थोडं जास्त दुखत असलं तरी चाललंय ते ठीक आहे. कळ किंवा मुंग्या खाली पावलाकडे सरकत असतील तर ती हालचाल थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काही महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं इथवर पोचायचं. हा आकडा मी मनाने ठरवलेला नाही. नुकत्याच कंबरदुखीतून सावरलेल्या ७०१ जणांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे लोकांना सहा महिन्यांत याच टप्प्याकडे हळूहळू नेलं होतं आणि सोबत दुखण्याची नीट माहिती दिली होती. निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला त्या गटात २०८ दिवस लागले, काहीच न दिलेल्या गटात ११२. कोणतंही यंत्र नाही, वर्गणी नाही, तरी एवढा फरक.

व्यायाम: आधी मोकळं, मग स्थिर, मग बळकट

कोणता व्यायामप्रकार सर्वांत चांगला यावर खूप वाद ऐकायला मिळतात. योगासनं, पिलाटीस, पोहणं, वजनं, सगळ्यांनी थोडाफार फायदा होतो आणि त्यांच्यातला फरक लहान आहे. जो प्रकार तुम्ही सहा महिने सोडणार नाही तो निवडा. पायाभूत क्रम मात्र असा ठेवा.

पहिले दोन आठवडे फक्त मोकळं करणारे प्रकार. उताणं झोपून गुडघे वाकवा आणि दोन्ही गुडघे एकत्र डावीकडे-उजवीकडे झुलवा. मग रांगण्याच्या स्थितीत पाठ हळूच वर गोल करा आणि हळूच खाली सोडा. ताण द्यायचा नाही, फक्त फिरवायचं. प्रत्येकी आठ-दहा वेळा. हे उठल्या उठल्या करू नका. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभरात पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळच्या पहिल्या तासात खोल वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. सकाळी मोजे उभ्याने वाकून घालण्याऐवजी बसून, पाय वर घेऊन घाला.

त्यानंतर स्थिरता. कॅनडातले मणकातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी रुजवलेले तीन व्यायाम मला सर्वांत उपयोगी पडले. पहिला, रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, मग बाजू बदलायची. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि तो सांडायचा नाही अशी कल्पना करा. दुसरा, कुशीवर कोपर आणि गुडघे टेकवून कंबर जमिनीवरून उचलून धरायची. तिसरा, उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दोन्ही हात कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि डोकं-खांदे जेमतेम उचलायचे. हनुवटी छातीला लावायची नाही. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंदच धरा आणि पहिल्या फेरीत सहा वेळा, मग चार, मग दोन अशा उतरत्या क्रमाने करा. श्वास कोंडू नका. मात्रेचा नियम इथेही तोच: आज बारा सहज होतील असं वाटलं तरी सहाच.

सहा-आठ आठवड्यांनी ताकद. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, उताणं झोपून कंबर वर उचलणं, एका हातात पिशवी धरून ताठ चालणं. शेवटचा प्रकार साधा दिसतो, पण कमरेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंना त्याइतकं काम क्वचितच दुसरं काही देतं.

वाकायला पुन्हा शिकणं

‘वाकू नका’ हा सल्ला कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला मिळतो आणि तो कायमचा पाळणं कुणालाच शक्य नसतं. वाकायचंच आहे, फक्त ते खुब्यातून वाकायला शिका. झाडूचा दांडा पाठीमागे उभा धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता गुडघे थोडे सैल करून कुल्ले मागे ढकला, मागचं दार कुल्ल्याने लोटताय असं. छाती आपोआप पुढे झुकेल. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर तुम्ही खुब्यातून वाकलात. डोकं किंवा माकडहाड सुटलं तर कमरेतून वाकलात. मांडीच्या मागे ताण जाणवला की पुरे.

रोज दहा वेळा, दोन आठवडे. मग रिकामी बादली, मग अर्धी, मग भरलेली. वस्तू अंगाजवळ धरा, उचलून झाल्यावर वळायचं असेल तर पावलं फिरवून वळा. वजन आणि पीळ एकत्र देऊ नका. काही महिन्यांनी मोजे उचलायला कंबर गोल करून वाकलात तरी घाबरायचं कारण नाही. हलक्या वस्तूसाठी दर वेळी दांडा आठवत बसणंही कमरेला ताठर करतं.

बसणं, झोपणं, पट्टा

बसण्याची एकच आदर्श ढब नसते. चांगल्या ढबीतही दोन तास बसलं की कंबर कुरकुरतेच. दर अर्ध्या तासाने उठून दीड-दोन मिनिटं चाला. फोन आला की उभं राहून बोला. एवढं केलं तर महागडी खुर्ची नसली तरी चालतं.

कंबरदुखीला कडक बिछानाच हवा ही समजूत फार पक्की आहे. स्पेनमधल्या ३१३ जणांच्या २००३ सालच्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. जमिनीवर चटईवर झोपून शिक्षा भोगण्याची गरज नाही. कंबरपट्टा पहिल्या काही दिवसांत प्रवासापुरता वापरा, पुढे नको. आणि झोप अपुरी झाली की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, म्हणून माझ्या वहीत झोपेच्या तासांचा एक रकाना आहे. दुखणं वाढलं की मी आधी तोच पाहते, मग व्यायाम.

खेळाकडे परतताना

धावणाऱ्यांनी आधी ३० मिनिटं भरभर चालणं त्रासाविना जमवावं. मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. आठवड्याला धावण्याचं अर्धं-एक मिनिट वाढवा. वजनं उचलणाऱ्यांनी पूर्वीच्या निम्म्यावरून सुरुवात करावी. बॅडमिंटन, टेनिस, क्रिकेट यांत पीळ आणि झेप दोन्ही असतात, म्हणून हे शेवटी. आधी सरावाचे फटके, मग अर्धा खेळ, मग सामना. सायकलवर कंबर दुखत असेल तर हँडल थोडं वर घ्या आणि दर वीस मिनिटांनी उतरा.

पुन्हा भरली तर

पुन्हा भरण्याची शक्यता बरीच असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. ते घडलं की सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटतं, पण दोन-तीन महिने बांधलेली ताकद दोन दिवसांत जात नाही. एका कागदावर आजच हे लिहून ठेवा. पहिला दिवस: धोक्याची लक्षणं तपासायची, खुर्चीवर पोटऱ्या ठेवून दिवसातून तीन-चारदा पडायचं, दर तासाला घरात एक फेरी. दुसरा दिवस: चालण्याची मात्रा निम्मी, गुडघे झुलवणं, शेक. तिसरा-चौथा दिवस: निम्म्या मात्रेवरून पाऊण, वजन उचलणं बंद. आठव्या दिवसापर्यंत पूर्ण मात्रा. सहा आठवडे होऊनही रोजची कामं जमत नसतील, किंवा वर्षात तीनदा कंबर धरली असेल, तर फिजिओथेरपिस्टसमोर वही उघडी ठेवून बसा. कागद फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारावर, उभ्याने वाचता येईल अशा उंचीवर चिकटवा.